छत बंद होण्याआधी: घरातले दिवे आणि फिटिंग, प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

जुनं प्लास्टर खरवडून झालं, जुन्या वायरी ओढून काढल्या, छत उघडं आहे. फॉल्स सीलिंगची चौकट अजून लागलेली नाही. दिव्यांचं जे काही ठरवायचं ते आत्ताच ठरवायला हवं, कारण एकदा जिप्समचे बोर्ड चढले आणि पुट्टी लागली की प्रत्येक बदल म्हणजे तोडफोड, धूळ आणि पुन्हा रंग. म्हणून या कामाला एकच नियम लावला आहे: कोणताही दिवा त्याच्या जागी, रात्री, पेटवून बघितल्याशिवाय वरचं छत बंद करायचं नाही.

हातात आलेल्या नकाशात दिवे सारख्या अंतरावर, ओळीने मांडलेले आहेत. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. जागेवर उभं राहिलं की वेगळंच कळतं. स्वयंपाकघरातली ओळ ओट्यावर येतच नाही, ओट्यापुढे उभ्या राहणाऱ्याच्या पाठीमागे येते. म्हणजे उजेड पाठीवर आणि सावली थेट हातातल्या कामावर. वाचायच्या खुर्चीजवळ एकही दिवा नाही, आणि नुसती ये-जा असते त्या पॅसेजमध्ये चार.

लांब वायरीला होल्डर जोडून घेतला आणि अंधार पडल्यावर तो खोलीखोलीतून फिरवला. वायरमनदादा म्हणाले, "ताई, पॉइंट सांगा, मी काढतो. दिवे मागाहून बघू." त्यांना पॉइंटची यादी दिली नाही, कामांची यादी दिली. इथे बसून वाचतात, इथे उभं राहून चिरतात, इथे चेहरा बघतात, इथून रात्री अंधारात उठून जातात. त्या यादीवरून पॉइंट काढले तेव्हा नकाशातले बरेच डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली उजेड टाकणारे दिवे) गळाले आणि नकाशात नसलेल्या काही जागा आल्या: ओट्यावरच्या कपाटाखाली, आरशाच्या दोन्ही बाजूंना, पलंगाच्या डोक्याशी.

५ नोव्हेंबर

हिशेबाचा दिवस. खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरांत आणि लुमेन बारीक अक्षरांत छापलेले असतात. वाचायचं मात्र उलट. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, लुमेन म्हणजे किती उजेड देतो. ९ वॉटचे दोन दिवे शेजारी ठेवले, एकावर ७२० लुमेन, दुसऱ्यावर ९९०. वीज सारखीच, उजेडात मात्र सव्वापटीहून जास्त फरक.

किती लुमेन लागतील हे असं काढलं. हॉल ४ बाय ५ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. बसण्याउठण्यापुरता १५० लक्स उजेड पुरतो, आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे लुमेन. २० गुणिले १५०, ३००० लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड खाली पोहोचत नाही. दुधी काच, भिंतीचा रंग आणि पुढे बसणारी धूळ आपापला वाटा घेतात, म्हणून दीडपट धरलं: ४५०० लुमेन. भिंती गडद असत्या तर आणखी वाढवावं लागलं असतं. ओट्यावर ३०० ते ५०० लक्स, वाचायच्या जागी ३०० च्या पुढे, पॅसेजला १०० पुरे.

आईच्या खोलीचा हिशेब वेगळा धरला. साठीच्या पुढच्या डोळ्याला तेच काम करायला विशीतल्या डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. पण तिथे छतावर मोठा दिवा ठोकून भागत नाही, कारण वय वाढतं तसं डोळ्यांना चकाकणं जास्त खुपतं. म्हणून उजेड जास्त, पण तो आडोशातून यायला हवा. वाचायला खुर्चीशेजारी झाकणाचा दिवा, आणि पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत जमिनीलगत मंद दिवे, हालचाल झाली की लागणारे.

मोबाइलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप अचूक नसतं. पण हा कोपरा त्या कोपऱ्याच्या निम्मा आहे का, एवढं सांगायला ते पुरतं.

९ नोव्हेंबर

भिंतीत वायरींसाठी झिऱ्या पाडून झाल्या, त्यांत कंड्युइट (वायरींचे पाइप) बसले. बोर्डाच्या जागा खडूने आखल्या आणि मग सगळ्या दारांच्या चौकटींपाशी पुठ्ठ्याचं दार धरून बघितलं. आईच्या खोलीचा बोर्ड उघड्या दाराच्या मागे जात होता. दार कुठल्या बाजूने उघडणार हे सुताराशी बोलणं झालेलं नव्हतं, आणि सुतार आणि वायरमन एकमेकांना भेटलेच नव्हते. बोर्ड कडीच्या बाजूला घेतला, जुनी झिरी गवंड्याने बुजवली. अर्धा दिवस त्यात गेला.

या टप्प्यावर दोन गोष्टी आवर्जून करून घेतल्या. एक, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणून ठेवली. साध्या स्विचला ती लागत नाही, पण पुढे सेन्सर, टायमर किंवा स्मार्ट स्विच बसवायचा झाला तर बहुतेकांना लागते, आणि तेव्हा भिंत फोडणं नको. दोन, पॅसेजच्या दोन्ही टोकांना आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद करता येतो.

प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. आरसा, पडदे, कपाटं लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे या फोटोंवरूनच कळणार आहे.

१४ नोव्हेंबर

उजेडाचा रंग निवडायचा. इथे घाई करू नये.

भिंतीला जो रंग देणार आहोत तो एका प्लायच्या तुकड्यावर मारला, शेजारी फरशीचा एक तुकडा आणि लॅमिनेटचा नमुना ठेवला, आणि रात्री एकेक दिवा त्यावर धरला. २७०० केल्विन, ३०००, ४०००, ६५००. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर. ६५०० चा दिवा खोक्यावर पांढराशुभ्र म्हणून मिळतो आणि दुकानात सगळ्यात उजळ वाटतो. रात्री घरात मात्र तो निळसर आणि कोरडा वाटला, आणि सायीच्या रंगाची भिंत त्याखाली मळकट दिसली. तो बाद. २७०० खाली लॅमिनेट सुंदर, पण राखाडी फरशी पिवळट. ३००० वर दोन्ही जमलं.

ओट्यासाठी ४००० घ्यायचं मनात होतं, कामाला तो बरा. पण स्वयंपाकघर हॉलला उघडं आहे. हॉलमधले ३००० चे दिवे पेटवून ओट्यावर ४००० चा धरला आणि सोफ्याच्या जागेवरून पाहिलं, तर ओटा निळा ठिगळ लावल्यासारखा दिसला. एका नजरेत येणाऱ्या सगळ्या जागांना एकच केल्विन, असं मग ठरवलं. ओट्याला ३०००, लुमेन वाढवून. ४००० चा मान बाथरूमच्या आरशाला, कारण ती खोली दाराआड आहे.

केल्विनपेक्षा मला सीआरआय हा आकडा महत्त्वाचा वाटायला लागला आहे. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, ते तो १०० पैकी सांगतो. ८० चा आणि ९० च्या पुढचा असे दोन दिवे आळीपाळीने तळहातावर धरले. ८० च्या दिव्याखाली हात पिठूळ, रक्त कमी असल्यासारखा दिसतो; ९० च्या दिव्याखाली तळव्याची लाली परत येते. सागाच्या तुकड्याचंही तेच, ८० च्या दिव्याखाली तो तपकिरी आणि सपाट दिसतो, त्यातली तांबूस रेघ नाहीशी होते. कारण सीआरआयच्या सरासरीत गडद लाल रंग धरलेलाच नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर९, आणि तो खोक्यावर क्वचितच छापतात. मागून घ्यावा लागतो. ९० चे दिवे महाग पडतात, म्हणून ते माणसं आणि लाकूड जिथे दिसतात तिथेच: हॉल, जेवणाचं टेबल, आरसा. पॅसेज, माळा आणि युटिलिटीला ८०.

आणखी एक घोळ इथेच सापडला. दोन कंपन्यांचे ३००० केल्विनचे दिवे शेजारी लावले तर एक गुलाबीकडे झुकलेला, दुसरा हिरव्याकडे. आकडा तोच, रंग दोन. केल्विन फक्त पिवळं ते निळं एवढंच सांगतो, हिरवं-गुलाबी सांगत नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमध्येही हा फरक पडू शकतो. म्हणून एका छतावरचे सगळे दिवे एका लॉटचे, आणि त्याच लॉटचे काही जास्तीचे आत्ताच घेऊन ठेवायचे. माहितीपत्रकात एसडीसीएम ३ असं लिहिलेलं मिळालं तर तेच घ्यावं. तो आकडा जितका लहान, तितके दिवे एकमेकांशी जुळतात.

१८ नोव्हेंबर

हॉलच्या लांब भिंतीवर वरून उजेडाचे अर्धगोल पाडायचे होते, चित्रांत असतात तसे. सीलिंगच्या चौकटीला तारेने दोन डाउनलाइट टांगले, भिंतीपासून जेमतेम १५ सेंटीमीटरवर. पेटवले आणि भिंतीचं सगळं खरं बाहेर आलं. दिवसा आरशासारखी सपाट वाटणारी पुट्टी, आणि आता तिच्यावर लाटा, पत्र्याचे ओरखडे, झिरी बुजवल्याचा उभा फुगवटा, सगळं सावल्यांसकट.

पुट्टीवाल्या दादांनी आणखी एक हात दिला, पेपर मारला. फरक पडला, पण पुरेसा नाही. भिंतीला घासून जाणारा उजेड अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही सोडत नाही. त्या उजेडात निर्दोष दिसेल अशी भिंत करायला जेवढा वेळ आणि मजुरी लागेल, तेवढ्यात आणखी एक खोली होईल.

मग दिवे सरकवले, भिंतीपासून ७५ सेंटीमीटरवर, आणि उजेड ३६ अंशांच्या जागी ६० अंशांत पसरवणारे घेतले. अर्धगोल गेले, त्यांच्या जागी भिंतभर मऊ उजेड आला, आणि लाटा दिसेनाशा झाल्या. दारातल्या ओबडधोबड दगडी भिंतीला मात्र दिवे १५ सेंटीमीटरवरच ठेवले. तिथे सावल्याच तर हव्या आहेत.

हे सगळं करताना एक फायदा झाला. तोच दिवा हातात घेऊन, भिंतीला लावून धरला की कुठे पेपर मारायचा ते लगेच दिसतं. पुट्टीवाले दादा आता प्रत्येक भिंत तशीच तपासतायत.

अंशांचा अंदाज यावा म्हणून लिहून ठेवते. दिव्यापासून २ मीटर खाली २४ अंशांचा दिवा साधारण ८५ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ पाडतो, ३६ चा १.३ मीटरचं, ६० चा २.३ मीटरचं. टेबलावर ३६ चालतो. चालायच्या जागेत तो लावला तर जमिनीवर ठिपके पडतात आणि मधे अंधार राहतो.

२१ नोव्हेंबर

पंखा. नकाशात पंख्याच्या चारी बाजूंना, त्याच्या अगदी जवळ, चार डाउनलाइट होते. पंख्याचं पातं फिरतं ते १.२ मीटर व्यासात, म्हणजे मध्यापासून ६० सेंटीमीटरपर्यंत, आणि पातं छताच्या सुमारे ३० सेंटीमीटर खाली येतं. १२० अंश पसरणारा दिवा मध्यापासून ९० सेंटीमीटरवर ठेवला तरी पात्याच्या पातळीला त्याचा उजेड ५० सेंटीमीटर आत पसरलेला असतो, म्हणजे पाती तो कापतात आणि खोलीभर उजेड लपलपतो. तेच ६० अंशांचा असेल तर तिथे तो १७ सेंटीमीटरच पसरतो, आणि पात्याला लागत नाही. तात्पुरता पंखा लावून दोन्ही बघितलं. पहिल्या मांडणीत थोडा वेळ वाचलं तरी डोकं जड होतं.

डाउनलाइट ९० सेंटीमीटरच्या बाहेर सरकवले, सगळे ६० अंशांचे. पंख्याचा हुक आणि टेबलावरच्या झुंबराचा हुक दोन्ही स्लॅबमधून, जिप्समवर कसलाही भार नाही.

२६ नोव्हेंबर

कोव्हची, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेली, एलईडी पट्टी. या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

पहिली पट्टी आली ती १२ व्होल्टची, मीटरला १४.४ वॉट, ५ मीटरचं रीळ. चौकटीवर तात्पुरती चिकटवली, एका टोकाला वीज दिली. जवळचं टोक लख्ख, लांबचं टोक मंदावलेलं. सरळ भिंतीवर हे चटकन लक्षात येत नाही. पण कोपऱ्यात एका रिळाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात शेजारी आली, आणि तिथे छतावर उजेडाची पायरीच दिसली.

कारण सोपं आहे. ५ मीटरला ७२ वॉट, १२ व्होल्टवर म्हणजे ६ अँपिअर, आणि ते सगळे पट्टीतल्या कागदासारख्या तांब्यातून जाणार. वाटेत व्होल्टेज पडतं. तीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर करंट निम्मा, घट निम्मी, आणि २४ मधली ती घट टक्क्यांत पाहिली तर चौथाई. दुकानदाराने न वापरलेली रिळं बदलून दिली, चिकटवलेली वाया गेली. २४ व्होल्टची पट्टी लावली, प्रत्येक रिळाला दोन्ही टोकांनी वीज दिली. पायरी गेली.

ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला लागेल तशी करून देणारा डबा, ७२ वॉटच्या पट्टीला ७२ चा घेत नाहीत. सतत पूर्ण भारावर तो तापतो. ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणून १०० वॉटचा. आणि तो कुठे ठेवायचा हा खरा प्रश्न. पीओपीवाल्यांनी तो कोव्हच्या आत, बोर्डाच्या वर ठेवून बंद करायचं ठरवलं होतं. एलईडीची वर्षं खोक्यावर लिहिलेली असतात, पण बहुतेक वेळा आधी मरतो तो ड्रायव्हर, आणि त्यातही त्याचे कपॅसिटर, उष्णतेने. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद खोक्यात, वारा नसलेल्या जागी ठेवलेला ड्रायव्हर लवकर जाणार, आणि गेला की छत फोडावं लागणार.

सगळे ड्रायव्हर माळ्याच्या झडपेमागे एका जागी आणले, प्रत्येकावर कुठल्या खोलीचा ते लिहिलं. वायर लांबली, म्हणून जाड घेतली, नाहीतर तिथेही व्होल्टेज पडलं असतं. डाउनलाइटचे छोटे ड्रायव्हर त्यांच्या त्यांच्या भोकातून बाहेर निघतात हे एकेक काढून तपासलं. ७५ मिलिमीटरच्या भोकातून एका मॉडेलचा ड्रायव्हर आत जात होता पण कनेक्टर लावल्यावर बाहेर येत नव्हता. ते मॉडेल बदललं.

खर्चाचं बोलायचं तर पट्टी हा यातला स्वस्त भाग. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसते ती पन्हळ), दुधी झाकण आणि ड्रायव्हर मिळून पट्टीच्या कितीतरी पट होतात. तरी प्रोफाइल वगळू नये. पट्टीची उष्णता त्याच्यातूनच बाहेर पडते.

२८ नोव्हेंबर

कपाटाखालची पट्टी. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, चकचकीत. साध्या पट्टीचा एकेक ठिपका त्यात मोजता येत होता. सीओबी पट्टी लावली, तिच्यात सुटे ठिपके नसतात, सलग रेघ असते. प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या काठाला, आतल्या बाजूला झुकतं. मागे भिंतीजवळ लावलं तर टाइल उजळते आणि काम करायची जागा अंधारात राहते.

१ डिसेंबर

सगळे दिवे टांगून, सगळ्या खोल्या एकदम पेटवून बघितल्या. मेन स्विच टाकताच हॉलचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला. पुन्हा चढवला, राहिला. नंतर कधी पडे, कधी नाही. भार तर अगदी कमी. वायरमनदादांनी आधी शॉर्ट शोधला, सापडला नाही. मग लक्षात आलं की प्रत्येक ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, आणि इतके सगळे एकाच वेळी. त्यांनी हॉलचे दिवे तीन स्विचवर वाटले आणि बी प्रकारचा एमसीबी काढून त्याच अँपिअरचा सी प्रकारचा लावला, तो असा क्षणभराचा झटका सहन करतो. अँपिअर वाढवायचे नाहीत, वायर १.५ चौरस मिलिमीटरची आहे.

सगळं ठीक दिसल्यावर बोर्ड चढवायला हो म्हटलं.

६ डिसेंबर

डिमर. जेवणाच्या टेबलावरच्या झुंबरात ८ वॉटचे तीन दिवे, खोक्यावर डिमेबल असं छापलेले. जुन्या घरातला गोल डिमर चांगल्या स्थितीत होता, तो लावला. निम्म्यावर आणला की दिवे थरथरतात, आणखी खाली आणला की एक विझतो, दोन राहतात. शिवाय बारीक गुणगुण.

तो डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेला. त्याला किमान ६० वॉटचा भार लागतो असं त्याच्या मागेच लिहिलं आहे, आणि इथे सगळे मिळून २४. एलईडीसाठी ट्रेलिंग एज प्रकारचा डिमर घेतला. थरथर गेली, गुणगुण गेली. अगदी तळाशी अजून एक दिवा आधी विझायचा, ते डिमरच्या आतल्या छोट्या स्क्रूने किमान पातळी वर घेऊन मिटवलं.

कुणीतरी पंख्याचा रेग्युलेटर लावायला सुचवलं होतं. दिव्याला पंख्याचा रेग्युलेटर कधीही लावू नये. तो त्या कामासाठी बनलेला नाही.

दिवा थरथरतोय का हे डोळ्याला नेहमी कळत नाही. ५० हर्ट्‌झच्या विजेवर स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. दिव्यासमोर पेन वेगाने हलवलं आणि त्याच्या सुट्या सुट्या सावल्या दिसल्या की समजावं. चांगल्या ड्रायव्हरच्या दिव्याखाली सलग धुरकट पट्टा दिसतो. घेतलेल्या दिव्यांतला एक प्रकार यात नापास झाला, वाचायच्या जागेचा. परत केला.

११ डिसेंबर

बाथरूम. आरशाच्या डोक्यावर एकच डाउनलाइट असला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या, हनुवटीखाली काळं. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावल्या, मध्य डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून १५५ सेंटीमीटर. आई तिथे उभी राहिली, तिच्या मापानेच ठरवलं. आतच दिवे असलेला आरसा मुद्दाम टाळला. त्याचा दिवा गेला तर आरसाच उतरवावा लागतो.

शॉवरच्या वरचा दिवा आयपी६५, बाकीचे आयपी४४. आयपीचा पहिला आकडा धुळीपासून बचावाचा, दुसरा पाण्यापासून. ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे नळीचा झोत. शॉवरचा दिवा १२ व्होल्टचा, त्याचा ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर. बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सर्किट तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो हे माझ्यासमोर बघून घेतलं.

१७ डिसेंबर

रंग झाला, स्विचच्या प्लेटा लागल्या. रात्री सगळं बंद केलं आणि पॅसेजमधले दिवे विझलेच नाहीत. काजव्याएवढा उजेड धरून राहिले. आईच्या खोलीतला एक आणि युटिलिटीतलाही.

पॅसेजच्या स्विचमध्ये अंधारात दिसावा म्हणून छोटा इंडिकेटर आहे. त्याचा नगण्य करंट दिव्यातून जातो, आणि एलईडीला तेवढाही पुरतो. इंडिकेटर नसलेले स्विच लावले, पॅसेज विझला.

युटिलिटीत इंडिकेटर नव्हता. वायरमनदादांनी स्विच बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला तर तो पेटला. म्हणजे फेज (वीज आणणारी जिवंत वायर) थेट होल्डरला गेलेली आणि स्विच न्यूट्रलवर. बंद दिव्यात फेज कायम जिवंत. बल्ब बदलायला हात घालणाऱ्याला हे जिवावर बेतू शकतं. तो मिणमिणता उजेड दिसला म्हणून हे उघड झालं, नाहीतर कळलंच नसतं. जोडणी उलटी करून घेतली, आणि मग घरातल्या प्रत्येक होल्डरला स्विच बंद ठेवून टेस्टर लावून बघितला. बाकी सगळे बरोबर.

आईच्या खोलीत दोन्ही तपासण्या नीट निघाल्या. तिथे टू-वेची वायर लांबून, जिवंत वायरीच्या शेजारून, एकाच पाइपमधून येते. शेजारच्या वायरीमुळे बंद वायरीतही थोडं व्होल्टेज चढतं. दिव्याच्या टर्मिनलवर त्यासाठी मिळणारा छोटा कपॅसिटर समांतर जोडला, विझला. सीलिंगच्या भोकातून काम झालं, काही फोडावं लागलं नाही.

२० डिसेंबर

प्लेटा, मुठी, कड्या. सगळं मॅट. चकचकीत काळी प्लेट नमुना म्हणून लावली होती, तिच्यावर दर बोटाचा ठसा दिसतो. आईच्या खोलीतले स्विच मोठ्या चापाचे घेतले, हात ओला असला, कोपर लागलं तरी दाबता येतात.

६ जानेवारी

राहायला आलो. आई रात्री उठते तेव्हा जमिनीलगतचे दिवे लागतात, पण पडदा वाऱ्याने हलला तरी लागत होते. सेन्सरच्या भिंगावर खिडकीच्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवला, थांबलं.

डीबीच्या, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या डब्याच्या, झाकणाच्या आत कागद लावला आहे: कोणता एमसीबी कशाचा, ड्रायव्हर कुठे, दिव्यांचं मॉडेल आणि लॉट नंबर. जास्तीचे दिवे त्याच माळ्यावर, ड्रायव्हरजवळ.

एक काम शिल्लक आहे. बाल्कनीतल्या दिव्याच्या काचेत आतून वाफ धरते. दिवा आयपी६५ चा, पण वायर आत न्यायला मागचं भोक मोठं केलं आणि ग्लँड (वायरीभोवतीची फट बंद करणारा तुकडा) न लावता तसंच सोडलं गेलं. वायरही वरून सरळ दिव्यात उतरते, त्यामुळे पाणी तिच्यावरून घरंगळत आत जातं. उद्या ग्लँड बसवून वायरीला दिव्याच्या खालपर्यंत झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, आणि मागच्या कडेला सिलिकॉन भरायचं. खालची बाजू मोकळी ठेवायची, आत गेलेली वाफ निघायला. तोवर बाल्कनीचा एमसीबी खाली.